पोस्टमास्तरांची लांब प्रार्थना

मला आजाऱ्यांच्या भेटींना जायचं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. आमच्या चर्चमध्ये दर गुरुवारी दुपारी चार ते सहा दवाखान्यात जाऊन आजाऱ्यांना भेटायची पद्धत होती, आणि त्यासाठी माणसं लागत. माझं लग्न होऊन जेमतेम पाच महिने झाले होते. महिला संघाच्या सभेत पाळकसाहेबांनी विचारलं, "यंदा भेटींना कोण कोण जाणार?" आणि माझ्या सासूबाई उभ्या राहून म्हणाल्या, "मी आणि आमची सूनबाई." मी त्यांच्या शेजारीच बसले होते. मला विचारायचं तर सोडाच, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी सकाळच्या शाळेत शिकवत होते. दुपारी घरी येऊन तासभर आडवं व्हायचा माझा रिवाज होता, आणि तो सासूबाईंच्या डोळ्यांत खुपत होता. त्यांनी त्याची सोय परस्पर प्रभूच्या सेवेत लावली.

घरी जाताना बसमध्ये मी तोंडातून शब्द काढला नाही. त्यांनी पिशवीतून भाजलेले शेंगदाणे काढून माझ्या हातावर ठेवले. मी ते खाल्ले, पण बोलले नाही.

आमची तुकडी तिघांची होती. सासूबाई उंचीनं लहान आणि आवाजानं मोठ्या. त्यांच्या पिशवीत चार मोसंबी, बिस्किटांचा एक पुडा, गीतांचं पुस्तक आणि फडक्यात गुंडाळलेली सुरी असायची. त्या खोटं बोलत नसत. हा त्यांचा गुण होता, पण त्याचा त्रास आजूबाजूच्यांना व्हायचा. मंडळीतली कुठलीही बाई नव्या साडीबद्दल त्यांचं मत विचारायला धजत नसे.

तिसरे पोस्टमास्तर. नोकरीतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण अख्खी मंडळी त्यांना पोस्टमास्तरच म्हणायची. किडकिडीत बांधा, चकचकीत बूट आणि बाराही महिने हातात छत्री. त्यांचं काम प्रार्थना करायचं, आणि त्यांची प्रार्थना जगाच्या उत्पत्तीपासून सुरू व्हायची. आधी आकाश आणि पृथ्वी, मग जलचर, मग पक्षी. मग इस्राएलाचे लोक मिसर देशातून निघायचे, त्यांना अरण्यात चाळीस वर्षं लागायची, आणि त्यातली बरीचशी वर्षं आम्हीही त्यांच्याबरोबर उभ्यानं काढायचो. त्यानंतर आपला देश, राज्याचं मंत्रिमंडळ, खडकवासल्याचं पाणी, पोस्टखात्यातले सर्व कर्मचारी, आणि सरतेशेवटी खाटेवरचा आजारी. एकदा पोस्टमास्तर एका आजारी बाईंपर्यंत पोचायच्या आत त्या बाईंना घरी सोडलं होतं, असं आमच्यात म्हणायचे. ते खोटं आहे, पण फार खोटं नाही.

प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटायचे, हा आमच्यात लहानपणापासूनचा नियम. मी मात्र एक डोळा किलकिला ठेवायची. त्या अर्ध्या तासात बघण्यासारखं खूप असतं. कोणाचा जबडा जांभई दाबून थरथरतोय, कोणता आजारी शेजारच्या खाटेवरचं केळं लांबवतोय, हे सगळं मला त्या डोळ्यानं कळत असे. शाळेत चाळीस पोरांवर नजर ठेवायची सवय होती, ती सुटत नव्हती.

त्या गुरुवारी आम्ही आमच्या मंडळीतल्या शिंपीकाकांना भेटायला गेलो होतो. हर्नियाचं ऑपरेशन होऊन ते एका मिशनच्या दवाखान्यात, पुरुषांच्या वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर होते. सासूबाईंनी मोसंबं सोलून दिलं, आम्ही एक गीत म्हटलं, आणि पोस्टमास्तरांनी छत्री खाटेला टेकवून दोन्ही हात वर केले. "हे आकाश आणि पृथ्वी निर्माण करणाऱ्या परमेश्वरा..." मी मनात म्हटलं, झालं, आता बसा.

जमीन आणि पाणी वेगळं होतंय तोच केरळची सिस्टर दोन वॉर्डबॉय घेऊन आली. शिंपीकाकांना एक्स-रेला न्यायचं होतं आणि तिथूनच दुसऱ्या वॉर्डात हलवायचं होतं. सिस्टर भाविक. चालू प्रार्थनेत तोंड उघडणं तिला पाप वाटलं असणार. तिनं ओठांवर बोट ठेवून वॉर्डबॉयना खूण केली. त्यांनी शिंपीकाकांना अलगद उचलून स्ट्रेचरवर ठेवलं. शिंपीकाकाही भाविकच. त्यांनी डोळे उघडले नाहीत. जोडलेले हात तसेच ठेवून ते दारातून बाहेर गेले. वॉर्ड भरलेला होता आणि व्हरांड्यात एक गृहस्थ खाट रिकामी व्हायची वाट बघत पडले होते. सिस्टरनं अजिबात आवाज न करता चादर बदलली आणि त्यांना आणून शिंपीकाकांच्या जागी झोपवलं. इस्राएलाचे लोक तेव्हा तांबड्या समुद्राशी पोचले होते.

हे सगळं मी एका डोळ्यानं बघितलं. मी नुसती खोकले असते तरी पुरलं असतं. सासूबाईंच्या पायावर पाय दिला असता तरी भागलं असतं. पण माझी दुपारची झोप मला आठवली, त्या सभेतलं "आणि आमची सूनबाई" आठवलं, आणि मी गप्प राहिले. खरं सांगायचं तर पाच महिन्यांत पहिल्यांदाच मला इतकी मजा येत होती.

गृहस्थ साठीच्या पुढचे होते. टक्कल, धारदार नाक, दवाखान्याच्या शर्टाच्या गळ्यातून जानवं डोकावत होतं. डोक्याशी हात वर करून बोलणारा छत्रीवाला माणूस बघून त्यांनी माझ्याकडे नजर वळवली. मीही ओठांवर बोट ठेवलं. त्यांनी एक भुवई वर केली आणि ऐकू लागले. पोस्टमास्तर मंत्रिमंडळ आणि खडकवासला उरकून आजाऱ्याशी आले आणि डोळे न उघडता त्यांनी त्या टकलावर हात ठेवला. "प्रभो, तुझ्या या दासानं आयुष्यभर लोकांची वस्त्रं शिवली. त्याच्या तीन मुली आहेत. थोरलीचं लग्न जमत नाही, हे तू जाणतोस." दुसरी भुवई वर गेली. धाकटीच्या दम्यापर्यंत प्रार्थना आली तेव्हा मात्र गृहस्थांनी डोळे मिटून घेतले. शेवटी आम्ही सगळ्यांनी "आमेन" म्हटलं.

"झालं?" गृहस्थ म्हणाले. "मला मुली नाहीत. लग्नच केलेलं नाही. आणि मला शर्टाचं बटणसुद्धा लावता येत नाही. बाकी मजकूर ठीक होता."

पोस्टमास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावून बघितलं. सासूबाईंनी वाकून खाटेखाली बघितलं, शिंपीकाका पडले की काय म्हणून.

"आपण कोण?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

"हे मी विचारायला हवं. मी या खाटेवरचा पेशंट. आपण?"

पोस्टमास्तरांनी चर्चचं नाव सांगितलं, माफी मागितली आणि छत्री उचलली. गृहस्थ म्हणाले, "थांबा. हे टेबलावरचं मोसंबं त्यांचं की माझं, ते ठरवून जा." सासूबाईंनी मोसंबं त्यांच्या हातात दिलं. पाठोपाठ सुरी पिशवीत ठेवून घेतली, कारण त्या प्रसंगात माणसाचा काही भरवसा नव्हता.

बसमध्ये सासूबाई खिडकीकडे तोंड करून बसल्या. दोन स्टॉप गेल्यावर म्हणाल्या, "तुला दिसत होतं ना?"

"हो," मी म्हटलं. आता भडिमार होणार, म्हणून मी तयारीत होते. त्यांनी पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडताहेत. वाकून बघते तर त्या हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. "धाकटीचा दमा!" एवढंच त्या मध्ये मध्ये म्हणत होत्या. मग मीही सुटले. कंडक्टर आमच्याकडे बघून पुढे गेला, तिकीटसुद्धा द्यायचं विसरला. त्या दिवसापासून सासूबाईंचं आणि माझं बरं जमायला लागलं.

पुढच्या गुरुवारी शिंपीकाका घरी गेले होते, म्हणजे त्या वॉर्डात आमचं काही काम नव्हतं. तरी सासूबाई म्हणाल्या, "एकदा डोकावून जाऊ. त्या दिवशी त्यांना नीट सलामसुद्धा केला नाही." आम्ही दारात दिसताच गृहस्थांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं.

"चार वाजून बारा मिनिटं. गेल्या वेळी चारला आला होतात. दुसऱ्याच्या नावानं आलात तर वेळेवर, आणि माझ्या नावानं आलात तर उशीर?"

ते सदाशिव पेठेतले. तिथं त्यांचा टायपिंगचा क्लास होता, तो आता बंद केला होता. आईवडील गेलेले, एक थोरला भाऊ होता तोही गेला. मी त्यांना काका म्हटलं, तर म्हणाले, "मी कोणाचा काका नाही. सर म्हणा, त्याची सवय आहे." मग आम्ही सर म्हणू लागलो. पोटात गाठ होती म्हणून दाखल झाले होते. अंगात रक्त कमी, म्हणून आधी बाटल्या चढवत होते आणि नंतर ऑपरेशन.

मग दर गुरुवारी सरांच्या खाटेपाशी आमचा मुक्काम पडू लागला. गीत ऐकून ते म्हणायचे, "चाल चांगली आहे, म्हणणारे बदला." प्रार्थना मात्र ते पूर्ण ऐकायचे आणि नंतर शंका काढायचे.

"मिसर ते तुमचा तो देश, अंतर किती? आणि चाळीस वर्षं? वाटेत कोणाला रस्ता विचारता येत नव्हता का?"

पोस्टमास्तर गंभीरपणे सांगायचे, "तो विश्वासाचा प्रश्न होता, सर."

"असेल. माझं एक पत्र सदाशिव पेठेतून नारायण पेठेत जायला अकरा दिवस लागले होते. तुमच्या खात्याचाही विश्वासाचाच प्रश्न असणार."

पोस्टमास्तरांना खात्याबद्दल बोललेलं सहन होत नसे. ते लाल व्हायचे, त्या पत्रावर पत्ता नीट नसणार म्हणायचे, आणि मग दोघांची अशी जुंपायची की सिस्टरला येऊन दोघांना गप्प करावं लागे. बुधवारी संध्याकाळी पोस्टमास्तर आमच्या घरी येऊन "उद्या नक्की ना?" असं विचारून जायला लागले. पूर्वी ते असं कधी विचारत नसत.

चौथ्या गुरुवारी सिस्टरनं मला व्हरांड्यात बोलावलं. सरांचं रक्त भरून झालं होतं, ऑपरेशनची तारीख दोनदा ठरली होती, आणि दोन्ही वेळा सरांनी आयत्या वेळी नाही म्हटलं होतं. "आता तिसऱ्या वेळी नाही म्हणाले तर डॉक्टर घरी पाठवणार," ती म्हणाली. "घरी गेले तर जगणार नाही. दिवाळी पण नाही." दिवाळीला दोन महिने होते.

माझा स्वभाव तापट आहे. मी तशीच आत गेले आणि म्हटलं, "सर, तुम्ही आमच्याशी चार आठवडे गप्पा मारताय आणि ऑपरेशनला नाही म्हणताय? घाबरलात ना?"

सासूबाईंनी "अगं!" म्हटलं. सरांची बोटं चादरीवर हलत होती. आधी मला तो कंप वाटायचा. त्या दिवशी लक्षात आलं की ते टाइप करतात. काय करत होते कोण जाणे, पण दहाही बोटं आपापल्या जागी पडत होती.

"घाबरलो," ते म्हणाले. "कापायला नाही. भूल दिल्यावर मला काय कळणार आहे? मला भीती आहे ती नंतरची. भूल उतरणार, डोळे उघडणार आणि समोर भिंत असणार. आत काय झालं हे कोणीतरी मला सांगायला हवं ना? डॉक्टर सांगतील. खाटेच्या पायथ्याशी उभं राहून, इंग्रजीत, आणि जातील पुढच्या पेशंटकडे. ते मला एकट्यानं ऐकायचं नाही. त्यापेक्षा गाठ असू दे आहे तिथं."

इतकं सरळ ते कधी बोलले नव्हते. माझी मान खाली गेली. पोस्टमास्तरांनी खाकरून सांगितलं, "आम्ही येऊ. ऑपरेशन चालू असेल तोवर मी दाराबाहेर उभा राहून प्रार्थना करीन. डोळे उघडाल तेव्हा आम्ही तिघं समोर असू."

सरांनी जरा विचार केला. "ऑपरेशन तीन तासांचं आहे म्हणतात. तुमची पुरेल?"

"पुरेल," सासूबाई आणि मी एकदमच बोललो.

"ते खरं. त्याबद्दल मला शंका नाही." आणि सरांनी हो म्हटलं.

नेमके त्याच वेळी सरांच्या बिऱ्हाडाशेजारचे एक गृहस्थ थर्मास घेऊन दारात उभे होते. पोस्टमास्तरांच्या हातात सरांचा हात, सासूबाईंच्या मांडीवर गीतांचं पुस्तक, हे बघून ते तिथूनच म्हणाले, "असं का! आजारी माणूस गाठून बाटवायचा उद्योग चाललाय वाटतं?"

माझं डोकं फिरलं. मी उठले, पण सरांनी मला हातानंच बसवलं.

"या ना, आत या," ते शेजाऱ्यांना म्हणाले. "बावीस वर्षं आपण शेजारी आहोत. मला इथं येऊन महिना होत आला, आज पहिल्यांदा आलात. ही माणसं पहिल्या वेळी चुकून आली, आणि तरी दर गुरुवारी येतात. बाटायचंच म्हणाल तर यांचं गाणं ऐकूनही मी अजून शुद्धीत आहे, म्हणजे काळजीचं कारण नाही. चहात साखर आहे का?"

शेजाऱ्यांनी थर्मास ठेवला आणि गेले. पण बोलणं पसरायचं ते पसरलंच. रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी आम्हाला थांबवून घेतलं. आधी आपल्या मंडळीतले आजारी बघा, म्हणाले. उद्या कोणी पेपरात काहीबाही छापून आणलं तर चर्चला निस्तरावं लागेल. पाळकसाहेब वाईट नव्हते, भित्रे होते. सासूबाई म्हणाल्या, "मंगळवारी त्यांचं ऑपरेशन आहे. आम्ही जाणार आहोत. तुम्ही आम्हाला विचारलं नाही आणि आम्ही तुम्हाला सांगितलं नाही, असं समजा." ज्यांनी मला न विचारता माझं नाव दिलं होतं, त्यांच्या तोंडून हे ऐकताना मला गंमत वाटली. पण तेव्हा मी त्यांच्या बाजूला उभी होते.

सोमवारी संमतीचा फॉर्म भरायचा होता. सिस्टर म्हणाली, नातेवाइकाची सही लागते, पेशंटची एकट्याची चालत नाही. सर म्हणाले, "नातेवाईक नाही." सिस्टर म्हणाली, नियम आहे. पोस्टमास्तर नियमाचा माणूस. ते हताश होऊन खाली बसले. सर आमच्याकडे बघेनात. तिसऱ्यांदा नाही म्हणायला त्यांना चांगलंच निमित्त मिळालं होतं, आणि ते निमित्त घेण्याच्या बेतात ते होते, हे मला दिसत होतं.

सासूबाईंनी सिस्टरच्या हातातून पेन घेतलं आणि सही केली.

"आई, नातं काय लिहू?" सिस्टरनं विचारलं.

"बहीण."

सिस्टरनं फॉर्मवरचं सरांचं आडनाव वाचलं, मग सासूबाईंची सही वाचली. "पण आई, आडनाव वेगळं आहे."

"लग्न झालं की बाईचं आडनाव बदलतं," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्या केरळात नाही बदलत?"

सिस्टर त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं फॉर्ममध्ये लिहिलं आणि निघून गेली. पोस्टमास्तरांना धक्का बसला होता. सासूबाई लाल झाल्या होत्या आणि पिशवीत उगाचच काहीतरी शोधत होत्या. सर खो खो हसायला लागले. हसता हसता पोट दुखलं, तरी थांबेनात. "ताई," ते म्हणाले, "लहान वयात लग्न करून गेलात, म्हणून मला आठवत नाही."

मंगळवारी सकाळी मी शाळेतून रजा घेतली. नऊ वाजता सरांना स्ट्रेचरवर घेतलं. ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी त्यांनी स्ट्रेचर थांबवायला लावलं आणि पोस्टमास्तरांना बजावलं, "सुरुवातीपासून करा. घाई नको. समुद्र वगैरे सगळं सावकाश." दार बंद झालं. पोस्टमास्तरांनी छत्री भिंतीला टेकवली, डोळे मिटले आणि हात वर केले. सासूबाई आणि मी बाकावर बसलो.

त्यांनी खरोखरच घाई केली नाही. जलचरांची नावं घेतली. पक्ष्यांमध्ये साळुंकीसुद्धा आली. बायबलातले जे पूर्वज एरवी एका वाक्यात उरकायचे, ते आज एकेक करून आले. जाणारे-येणारे थांबून बघत होते. मी हिशोब करत होते, या गतीनं तीन तास नाही, संध्याकाळ सहज होईल. इस्राएलाचे लोक अरण्यात पोचले, आणि दार उघडलं.

मी घड्याळ बघितलं. चाळीस मिनिटं झाली होती. मला इतका आनंद झाला की मी सासूबाईंचा दंड धरून हलवला. "आई, झालंसुद्धा! बघा, तीन तास म्हणत होते!" मी उभी राहून हसत होते. आज ते आठवलं की मला माझी शरम वाटते.

"पेशंटची बहीण कोण?" डॉक्टरांनी विचारलं. सासूबाई पुढे झाल्या. डॉक्टर हळू आवाजात बोलले, पण मला ऐकू आलं. पोट उघडल्यावर दिसलं की आजार सगळीकडे पसरलाय. काढण्यासारखं काही नव्हतं. टाके घालून पोट बंद केलं. काही महिने मिळतील. "त्यांना इतक्यात सांगू नका," डॉक्टर म्हणाले. "ऑपरेशन चांगलं झालं म्हणून सांगा. धीर येईल." सासूबाईंनी मान हलवली नाही, हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत.

मला राग आला. डॉक्टरांचा आला, ज्या सिस्टरनं मला व्हरांड्यात बोलावलं तिचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा आला. "घाबरलात ना" असं म्हणून मीच त्यांना तिथं ढकललं होतं. पोस्टमास्तरांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते भिंतीकडे तोंड करून, हात वर करून बोलतच होते. सासूबाई त्यांच्याजवळ गेल्या आणि त्यांच्या बाहीला हात लावला. त्यांनी डोळे उघडले, सासूबाईंचा चेहरा बघितला आणि काही न विचारता छत्री उचलली.

सरांना वॉर्डात आणलं. आम्ही तिघं खाटेभोवती बसलो. बाराच्या सुमाराला त्यांनी डोळे उघडले. नजर आधी छताकडे गेली, मग सासूबाईंवर येऊन थांबली. "आलात," ते म्हणाले. थोड्या वेळानं, "किती वाजले?"

"बारा," मी म्हटलं.

"मी आत किती वेळ होतो?"

मी फरशीकडे बघितलं. सरांनी मान पोस्टमास्तरांकडे वळवली. "तुमची संपली का?"

पोस्टमास्तरांनी छत्रीची मूठ दोन्ही हातांनी धरली होती. "नाही," ते म्हणाले. "अरण्यातच होतो."

सरांची चादरीवरची बोटं दोन-तीनदा पडली आणि थांबली.

"म्हणजे उघडून परत शिवलं."

"हो," सासूबाई म्हणाल्या. त्या उशाशी सरकल्या आणि त्यांनी सरांचा हात आपल्या हातात घेतला. "सगळीकडे पसरलंय, दादा. काढण्यासारखं काही राहिलं नव्हतं. काही महिने आहेत म्हणतात. आम्ही येत राहू."

सरांनी डोळे मिटले. दोन्ही कडांनी पाणी आलं, ते सासूबाईंनी पदरानं टिपलं. मी उठून खिडकीशी गेले, कारण मला हुंदका आवरत नव्हता. बऱ्याच वेळानं मागून त्यांचा आवाज आला. बारीक झाला होता, पण त्यांचाच होता.

"पोस्टमास्तर, अर्धं काम टाकून उठू नये. उरलेली करा."

पोस्टमास्तरांनी छत्री खाटेला टेकवली. मग त्यांनी अरण्यापासून पुढे सुरू केलं, सावकाश, एकही ठिकाण न गाळता. वॉर्डात दुपारी कोणाला बसू देत नसत. सिस्टर दोनदा दारापर्यंत आली आणि आम्हाला काही न बोलता परत गेली.